झाडाखालचं खाणंही सांगा

ये बाई, इकडे ये. तिथी दारात उभी नको राहू, अशी जवळ बस. पोटाले पदर आवळून फिरून राह्यली, अन् विचारलं तर म्हणते, "काही नाई आजी, गॅस झाला." कोणी सांगितलं तुले गॅस झाला म्हणून? तू पाह्यला का तो गॅस? हा शब्द माझ्या घरात बोलायचा नाई. सिलिंडरचा असेल तर बोल, पोटाचा असेल तर अंगणाच्या बाहेर ठेवून ये.

तू कोण, कोणत्या गावची, मले माहीत नाई. जी हे वाचून राह्यली ती तू. वाचणारा बाप्या असेल तर त्यानंही बसावं, त्याच्याही घरात कोणाचं तरी पोट दुखतच असेल. मी शाळेत गेली नाई. पोराची पुस्तकं चाळून चाळून वाचाले शिकली, म्हणून जशी बोलते तशीच लिहून राह्यली. अन् रागात आहे, हेही आधीच सांगून ठेवते. वर्ष उलटलं तरी राग गेला नाई.

मोठ्या दवाखान्यातल्या सर्जन बाईनं एक्स-रेची काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. त्यात माझ्या जावेचं, शेवंताचं पोट होतं. आतडी फुगलेली, अन् त्यात पाण्याच्या सपाट रेघा एकाखाली एक. उतारावरच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाण्यानं भरल्या की जशा दिसतात, अगदी तशा. पाहाले सुंदरच दिसत होतं ते, खोटं काऊन सांगू.

बाई म्हणाल्या, "इंटेस्टायनल ऑब्स्ट्रक्शन आहे."

मी म्हटलं, "मराठीत सांगा."

"आतडी बंद पडली, अम्मा. मध्ये काहीतरी अडकून बसलं. वरचं खाली जात नाही. पोट उघडावं लागते, आजच."

सर्जन बाई सिरोंच्याकडच्या, तिकडे तेलुगू बोलतात, म्हणून मले अम्मा म्हणत होत्या. आवाज मऊ होता. पण पुढचं वाक्य मऊ नव्हतं. "उशीर झाला आहे. आतडी काळी पडली असेल तर कापून काढावी लागेल. ती वाचेलच असं मी म्हणत नाही."

उशीर झाला, म्हणे. कोणी केला उशीर? तेच सांगाले बसली आहे.

शेवंता म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. आमच्या दोघींचेही नवरे गेले, चूल एकच राह्यली. मिठावरून आमचं रोज भांडण होते. ती मले बाई म्हणते अन् माझं ऐकत काहीच नाई. गाव दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, जंगलाले लागून. नाव लिहत नाई, कारण मग तालुक्याचा दवाखानाही ओळखू येईल. राग माझा आहे, पण कोणाची नोकरी खायची माझी इच्छा नाई.

दिवस तेंदूपत्त्याचे होते. आमच्याकडे उन्हाळ्यात हेच मोठं काम. उजाडायच्या आत बाया जंगलात शिरतात, ऊन चढेपर्यंत पानं तोडतात, घरी येऊन मांडवाखाली पुडे बांधतात, अन् दिवस कलला की फळीवर, म्हणजे पानं मोजून घेणाऱ्या मुनशीकडे नेतात. सकाळी चूल पेटवाले वेळ कोणाले आहे? चहा घ्यायचा अन् निघायचं. अन् त्याच दिवसांत त्याच झाडाची टेंभरं पिकतात. पिवळी, गोड, चिकट. खाली पडलेली उचलायची अन् तोंडात टाकायची. हात पानं तोडत असतात, तोंड टेंभरं खात असते.

आता तुले विचारते, हे खाणं झालं का? आमच्यात नाई होत. खाणं म्हणजे भात, भाकर, पेज, जे ताटात पडते अन् बसून खातो ते. झाडाखालचं खाणं कोणी धरतच नाई. लेकराले विचारलं "काही खाल्लं का रे?" तर तोंड चिकट घेऊन म्हणते, "नाई." अन् खरंच बोलून राह्यलं असते ते. हे ध्यानात ठेव, पुढे कामी येते.

शेवंताले दात थोडेच राह्यले होते. ती चावत नव्हती, गिळत होती. सालीसकट, बियांसकट. उपाशी पोटी, रोज.

एक दिवस मांडवाखाली पुडा बांधता बांधता तिनं हातातली दोरी टाकली अन् पोट धरलं. कळ आली, थांबली, परत आली. बाळंतपणात येते तशी लाटेवाणी. मग ओकारी. मी म्हटलं, "शेवंते, चाल दवाखान्यात." ती म्हणे, "पुडे वाळून जातील बाई, फळीवर कोण नेईन?" अशी ही बया. पोट फाटून राह्यलं अन् हिले पानाची काळजी. शेजारच्या वहिनीनं बेंबी सरकली म्हणून तेल लावून पोट चोळलं. चोळणं झालं, ओवा झाला, गरम पाणी झालं. सगळं उलटून बाहेर आलं.

मग सुधाकरनं, माझ्या पोरानं, तिले मोटारसायकलवर मधात बसवलं अन् मागे मी धरून बसली. सरकारी गाडी एकच आहे, इतक्या गावांची मिळून एक, अन् ती दुसरीकडच्या बाळंतिणीले घेऊन गेली होती. त्या बाळंतिणीवर माझा राग नाई. एका गाडीत सारा तालुका बसते असं ज्याले वाटलं, त्याच्यावर आहे.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर एकटा, तरुण, दूरच्या मोठ्या शहरातला. बाहेर ही लाइन. त्यानं विचारलं, "काय खाल्लं होतं?"

शेवंता म्हणे, "काहीच नाई साहेब. सकाळपासून चहावर आहे."

मीही मान हलवली. "उपाशीच आहे जी."

"अगोदर कसलं ऑपरेशन वगैरे?"

आता पाह्य. तरुणपणी शेवंताचा अल्सर, म्हणजे जठरातला व्रण, फुटला होता. नागपूरले नेऊन पोट उघडलं होतं. बेंबीच्या वर ही लांब खूण आहे. पण पोरगेल्या डॉक्टरापुढे ती लुगडं बाजूले करेन तर शेवंता कशाची? ती म्हणे, "नाई." मी बोलाले तोंड उघडलं तर तिनं माझ्या मांडीले चिमटा काढला. म्हणून त्यानं लुगड्यावरूनच पोट दाबलं, अन् म्हणाला, "गॅस आहे. उन्हात उपाशी फिरता तुम्ही लोक."

तुम्ही लोक, म्हणे.

एक इंजेक्शन, पित्ताच्या गोळ्या, अन् पोट साफ व्हाले जुलाब. एक्स-रेची मशीन त्याच दवाखान्यात होती. खोलीले कुलूप होतं. चालवणाऱ्याची बदली झाली अन् दुसरा आलाच नाई. मशीन कपडा पांघरून आत झोपलेली अन् शेवंता बाहेर बाकड्यावर वाकडी.

अडकलेल्या आतडीले जुलाब देणं काय असते, सांगू? नाली बुजली अन् तू वरून अजून पाणी सोडलं. रात्र कशी गेली ते सांगत नाई. सकाळी ओकारी हिरवी झाली, अन् मग तिले घाण वास येऊ लागला, संडासाचा. पोट नगाऱ्यासारखं तट्ट. शौच नाई, वाराही सरत नाई. हे नीट वाच बाई, परत वाच. कळ लाटेनं येते, ओकारी थांबत नाई, पोट फुगते अन् खालून वाराही सुटत नाई, तर तो गॅस नव्हे. त्या वक्ती ना तेल, ना जुलाब, ना चोळणं. पाण्याचा घोटही नाई. उचलायचं अन् न्यायचं.

परत गेलो तेव्हा तो डॉक्टर तिच्याकडे पाहूनच खुर्चीवरून उठला. या वेळेस मी वाटच पाह्यली नाई, सरळ लुगडं वर केलं. शेवंता ओरडली, "बाई, लाज नाई का तुमाले!"

मी म्हटलं, "लाज घरी ठेवून आली. तू मरून राह्यली अन् मी लाज सांभाळू?"

खूण पाहून त्याचा चेहरा उतरला. "हे काल का नाही सांगितलं?"

"तू काल काऊन नाई पाह्यलं?" मी म्हटलं. साहेबवरून एकदम तूवर आली. सुधाकर माझा पदर ओढत होता.

तो सरळ कामाले लागला. हे मात्र लिहलं पाह्यजे. त्यानं नाकातून नळी घातली. तिले रायल्स ट्यूब म्हणतात, ती जठरापर्यंत जाते अन् साचलेलं पाणी बाहेर काढते, म्हणजे पोटावरचा भार हलका होते अन् ओकारी छातीत शिरत नाई. बाटली भरली हिरव्या पाण्यानं. दोन्ही हाताले सलाइन, लघवीले वेगळी नळी. स्वतः फोनवर मोठ्या दवाखान्यातल्या सर्जन बाईशी बोलला. मग म्हणाला, "आजी, इथे पोट उघडता येत नाही. भूल देणारा डॉक्टर नाही, रक्त नाही. रेफर करतो."

रेफर म्हणजे पुढे पाठवणं. आमच्या भागात हा शब्द लेकरालेही येते. पण नळी अन् सलाइन लावून पाठवणं अन् नुसतं पाठवणं यात जीव जायचा अन् राहायचा फरक असते. हे मले सर्जन बाईनं मागाहून सांगितलं. म्हणून तुलेही सांगते: रेफर म्हटलं की हात जोडून निघू नको. विचार, नळी घालता का? सलाइन लावता का? तिथी फोन केला का? विचाराले शिकलेलं असावं लागत नाई.

सरकारी गाडी या वेळेस भेटली. रस्त्यानं प्रत्येक खड्ड्याले शेवंता माझ्या हाताले नख मारत होती. अन् तशातही म्हणे, "बाई, माझे पुडे फळीवर नेले का?" मी म्हटलं, "नेले." नेले नव्हते. मांडवाखाली वाळून त्यांचा चुरा झाला होता.

तर मग ती फिल्म, त्या बांध्या, अन् सर्जन बाई. त्यांनी खूण पाह्यली. मग शेवंताचं तोंड उघडून दात पाह्यले. मले वाटलं, पोटाचं सोडून ही बाई दात काय पाहून राह्यली, बैल इकत घ्यायचा आहे का? मग त्यांनी विचारलं, "जंगलात काय खाल्लं?"

मी म्हटलं, "काहीच नाई. उपाशीच..."

"जेवणाचं नाही विचारलं अम्मा मी. टेंभरं तोंडात टाकली का, पानं तोडता तोडता?"

"ते तर टाकलीच. ते काय खाणं आहे?"

बाईनं डोळे मिटले. "माझी आई पण असंच म्हणायची," म्हणाल्या. "खूप टाकली?"

"पोटभर," शेवंता पडल्या पडल्या बोलली. आधी कधी तिले कोणी असं विचारलंच नव्हतं.

बेझोअर म्हणतात त्याले. न पचलेल्या वस्तूचा पोटात झालेला गोळा. टेंभराचा चीक अन् साल जठरातल्या आंबटात गेली की घट्ट होते. साऱ्यांची होत नाई. हे क्वचितच होते. पण जठराचं ऑपरेशन झालेलं असलं, दात नसले, अन् उपाशी पोटी खूप खाल्लं, तर गोळा बनते अन् पुढे आतडीत जाऊन बुचासारखा बसते. "अंदाज आहे," बाई म्हणाल्या. "खरं काय ते उघडल्यावरच कळेल."

उघडायचं, पण भूल देणारे डॉक्टर तिथीही एकच. ते आत होते, एका बाळंतिणीचं पोट उघडलं होतं. थांबा म्हणे. मी थांबली. परत थांबा. शेवंताचे हात गार पडाले लागले. मग मात्र माझं डोकं फिरलं. साऱ्या व्हरांड्याले ऐकू जाईन असं ओरडली. "मतं मागाले येता तेव्हा गाड्यांची लाइन लागते अन् आमच्या बायाले भूल देणारा एकच डॉक्टर? मशीन आहे तर माणूस नाई, माणूस आहे तर खोली नाई! आमच्या जंगलातलं पान साऱ्या देशात जाते, अन् ते तोडणारीच्या पोटाले कोणी हातही लावत नाई!"

शिपाई धावत आला. त्याच्या मागे सर्जन बाई. मले वाटलं बाहेर काढतील. त्या म्हणाल्या, "ओरडा अम्मा, तुमचं खरं आहे. मी रोज मनात ओरडते. पण ओरडताना तिचा हात सोडला तुम्ही. तो धरा."

मी जाऊन हात धरला. आत नेताना शेवंता म्हणे, "किती ओरडता वो बाई. झाडीपट्टीच्या नाटकात घेतील तुमाले. मेली तर भाजीत मीठ कमी टाकत जा."

"तू आधी वापस ये, मग मिठाचं पाहू," मी म्हटलं.

दुपारभर त्या दाराकडे पाहत बसलो. सुधाकर चहा घेऊन आला, तो तसाच थंड झाला. बाजूच्या बाकड्यावर एक माडिया बाई नातवाले घेऊन बसली होती. तिची भाषा मले येत नाई, माझी तिले येत नाई. तिनं आपल्या डब्यातली आंबील माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघी मिळून प्यालो.

सर्जन बाई बाहेर आल्या तेव्हा हातात स्टीलचा ट्रे होता. त्यात लिंबापेक्षा मोठा, तपकिरी, चिकट गोळा. साली दिसत होत्या, अन् एक बी अर्धी बाहेर आलेली, चमकत होती. शेवंताचा जीव त्या बीवर टांगला होता.

"आतडी काळसर पडली होती," त्या म्हणाल्या. "गरम सलाइनमध्ये भिजवलेले फडके ठेवले अन् वाट पाहिली. हळूहळू लाल झाली. म्हणून कापली नाही, नुसती चिरून गोळा काढला. जठरात दुसरा आहे का तेही पाहिलं, नाही." मग भिंतीले टेकल्या.

आता हसू नको. ऑपरेशननंतर रोज सिस्टर येऊन विचारे, "गॅस पास झाला का?" मले वाटे, ही मुद्दाम मले चिडवाले विचारते. मग तिनं समजावलं, आतडी चालू झाली याची तीच पहिली खूण. तोपर्यंत तोंडात काही नाई. झालं, ज्या शब्दाचा मी इतका राग केला त्याचीच वाट पाहत बसलो. अन् एका सकाळी शेवंता साऱ्या वॉर्डाले ऐकू जाईन अशी मोकळी झाली. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी टाळ्या वाजवाले लागली. शेवंतानं लाजून तोंडावर चादर ओढली. मी रडली. वाऱ्यासाठी रडलेली या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

घरी आलो, ती जरा फिराले लागली, अन् मी तालुक्याच्या दवाखान्यात गेली. घरात उन्हात वाळवलेली टेंभरं होती, ती पदरात बांधून नेली. लाइन सोडून सरळ आत, अन् डॉक्टराच्या टेबलावर ओतली.

"हे काय?"

"हे शेवंताच्या आतडीतून निघालं. म्हणजे हेच नाई, याचे भाऊबंद."

त्यानं एक उचलून पाह्यलं. त्याले ते फळ माहीतच नव्हतं. दवाखान्याच्या मागेच झाड आहे. मी म्हटलं, "काय खाल्लं असं विचारलं तर आमच्या बाया काहीच नाई म्हणतील. जंगलात तोंडात काय टाकलं, असं विचारत जा. अन् लुगड्यावरून पोट पाहू नको, नर्सबाईले संग घेऊन पाह्य. अन् तुम्ही लोक म्हणाचं नाई."

त्यानं टेंभरं गोळा करून एका कागदावर ठेवली. मग म्हणाला, "आजी, माझं चुकलं. पण मी एकटा आहे इथे. एक्स-रेवाल्यासाठी मी किती अर्ज केले, तुम्हाला काय सांगू." त्याचा आवाजही रागाचाच होता. मी त्याच्याकडे पाहतच राह्यली. माझ्या सुधाकरपेक्षा लहान. माझा राग कमी नाई झाला, पण त्याच्या खुर्चीवरून उठून जरा वर गेला. जिथी बसाले पाह्यजे तिथी.

या उन्हाळ्यात मी गुडघ्यासाठी त्याच दवाखान्यात बसली होती. आत कोणाची तरी सून पोट धरून गेली. आतून त्याचा आवाज आला, "ताई, पानं तोडायला गेल्या होत्या? तोंडात काय टाकलं? टेंभरं? मोहफूल?" अन् ती सून म्हणाली, "हो जी, टाकली थोडी." मी बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या पदरानं डोळे पुसले. तिचं काही मोठं नव्हतं, लवकरच बरी झाली.

एक्स-रेच्या खोलीले कुलूप अजून तसंच आहे. ते उघडेपर्यंत माझा राग मी सोडत नाई, हे कोणाले वर कळवायचं असेल तर खुशाल कळव. पण त्या सर्जन बाईचं, अन् त्या पोरगेल्या डॉक्टराच्या नळीचं नाव मी रोज घेते. चूल पेटवते तेव्हा शेवंता बाजूले बसून म्हणते, "बाई, मीठ जास्त झालं," अन् मी ऐकून घेते. भांडत नाई. म्हणजे, कमी भांडते.

तर तू पदर सोड बाई, अन् आधी दवाखान्यात जा. काय काय तोंडात टाकलं ते सारं सांग, खाणं धरत असशील नाई तर नसशील. अन् मग ये आमच्याकडे. टेंभरं संपायच्या आत ये. शेवंताले खाऊ देत नाई मी, पण दुसऱ्यासाठी साल काढून बिया वेगळ्या करत बसाले तिले आवडते. आधी भात खाऊ घालीन, मग टेंभरं देईन. लवकर ये.